उताऱ्यावर न्हाई ते न्हाई

ज्याला इंग्रजी येतं त्यालाही ते येत नाही, हे वीस हजार रुपयांच्या वर फी घेऊन सिद्ध करून देणाऱ्या परीक्षेला जीआरई म्हणतात. अमेरिकेत एम. एस. किंवा पीएच. डी. करायला निघालेल्या मुलांनी ही परीक्षा द्यायची, असा रिवाज आहे. ती घेणारी ईटीएस ही संस्था न्यू जर्सीत प्रिन्स्टनजवळ आहे आणि तिची स्थापना १९४७ सालची. म्हणजे इंग्रज इथून गेले त्याच वर्षी इंग्रजी तपासणारे तिकडे दुकान मांडून बसले. परीक्षा तर संस्थेहून जुनी, १९३६ पासूनची. तेव्हा ती मूठभर अमेरिकी विद्यापीठांपुरती होती. आता ती कोथरूडपर्यंत आली आहे.

२०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते. त्या वर्षी आपण चीनलाही मागे टाकलं. त्यातले कोथरूडचे किती, हे कुणी मोजलेलं नाही. पण आमच्या इमारतीत सूटकेस लटकवून तोलायचा काटा नसलेलं घर शोधावं लागेल. काटा तेवीस किलोच्या पुढे गेला की पापडांची चळत बाहेर काढायची आणि गोडा मसाला आत ठेवायचा, हे ज्ञान आमच्याकडे आता पिढीजात होत चाललं आहे. तर त्या काट्यापर्यंत पोहोचण्याआधी जे सोसावं लागतं, ते म्हणजे जीआरईचं 'व्हर्बल'.

गणिताची काळजी कुणी करत नाही. ते साधारण आपल्या दहावी-अकरावीच्या आसपासचं असतं. आपला इंजिनिअर ते चहा पिता पिता सोडवतो आणि स्क्रीनवर कॅल्क्युलेटर दिलाय याचाच त्याला अपमान वाटतो. घोडं अडतं ते व्हर्बलला. प्रश्न सत्तावीस, मिनिटं एक्केचाळीस, आणि गुण १३० ते १७० यांच्यामधले. सगळे प्रश्न चुकले तरी १३०. हे माझ्या आईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे नुसतं जाऊन बसल्याचे एकशेतीस? मग उरलेल्या चाळिसासाठी पोरीने एवढं वाळायचं?"

पोरगी म्हणजे माझी भाची. मूळची कराडची, इंजिनिअरिंग पुण्यात केलेली, आणि जीआरई होईपर्यंत आमच्याकडे मुक्कामाला. तिच्यामुळे आमच्या घरात इंग्रजी शब्दांचा जो सुळसुळाट झाला, त्यावर हे सगळं लिहितो आहे.

शब्दांच्या याद्या पाठ करणं आपल्याला अमेरिकेने शिकवलेलं नाही. अमरसिंहाचा अमरकोश तीन कांडांचा, सुमारे दीड हजार श्लोकांचा. पाठशाळेतली पोरं तो अर्थ कळायच्या आधी पाठ करून मोकळी होत. आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतरमाला गिरवली. पुढे नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' आलं. १९४९ सालचं हे पुस्तक आजही अप्पा बळवंत चौकात पदपथावर मांडलेलं दिसतं, आणि ते अर्ध्यात सोडलेली माणसं पुण्यात घरोघरी आहेत. या परंपरेचा कळस म्हणजे बॅरन्सची शब्दांची यादी. साडेतीन हजार शब्द, इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने.

हा क्रमच घात करतो. अमरसिंह शहाणा होता. त्याने कोश विषयवार लावला. आधी स्वर्ग, मग आकाश, पुढे पृथ्वी, नगर, वनौषधी, प्राणी, माणूस. पाठ करणारा निदान स्वर्गातून निघून उतरत उतरत माणसापर्यंत येतो. बॅरन्समध्ये पहिला शब्द 'अबेस', म्हणजे पाणउतारा करणे. दुसरा 'अबॅश', म्हणजे ओशाळं करणे. तिसरा 'अबेट', म्हणजे ओसरणे. पहिल्याच पानावर विद्यार्थ्याचा पाणउतारा होतो, तो ओशाळतो आणि त्याचा उत्साह ओसरतो. चार दिवसांनी तो नव्या निश्चयाने बसतो आणि पुन्हा 'अबेस'पासूनच सुरुवात करतो. त्यामुळे आपल्याकडे जीआरई दिलेल्या माणसाचे 'ए'चे शब्द पक्के असतात, 'बी'चे बरे असतात, 'सी'ला तो अडखळतो आणि 'डी'नंतर देवावर हवाला. अगदी शेवटी शेवटी येतो 'झेलट', म्हणजे कट्टर, माथेफिरू माणूस. यादीत तिथपर्यंत जो पोहोचला तो तसाच असणार, यात मला शंका नाही.

पाठांतर करायला भाची अभ्यासिकेत जायची. नवी पेठ, सदाशिव पेठ या भागातल्या अभ्यासिका म्हणजे एमपीएससीवाल्यांचं राज्य. प्रत्येकाच्या टेबलावर पाण्याची बाटली, चार्जर आणि भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. तिच्या डावीकडचा मुलगा सत्यशोधक समाज १८७३, सत्यशोधक समाज १८७३ असं पुटपुटत असायचा. उजवीकडची मुलगी कृष्णेच्या उपनद्या म्हणत असायची. मधे ही 'ऑब्सिक्वियस, ऑब्सिक्वियस' करत डोलायची. शेवटी त्या मुलाने न राहवून विचारलं, "ताई, ही कुठली नदी?" अर्थ सांगितल्यावर, म्हणजे लाळघोट्या, हांजीहांजी करणारा, तो गंभीरपणे म्हणाला, "आम्हाला हे पोस्टिंग मिळाल्यावर शिकवतात."

नुसत्या पुटपुटण्याने शब्द राहत नाहीत, म्हणून युक्त्या निघाल्या. क्लासमध्ये, व्हॉट्सॲप ग्रुपवर या युक्त्यांची देवघेव चालते आणि त्यांत जी प्रतिभा ओतली जाते ती पाहून मराठी साहित्याचं किती नुकसान होतंय याची कल्पना येते. 'लॅसिट्यूड' म्हणजे सुस्ती. मोठा ग्लास लस्सी प्यायल्यावर जी येते ती. 'कॅकॉफनी' म्हणजे कर्कश गोंगाट. काकू फोनवर असतात तेव्हाचा. 'मेंडेशियस' म्हणजे खोटारडा. मेंढ्या राखता राखता 'लांडगा आला रे' ओरडणारा तो गोष्टीतला मुलगा. 'पेन्युरी' म्हणजे दारिद्र्य. पेन उरी, म्हणजे छातीशी पेन तेवढं आहे, बाकी खिसा रिकामा. ही शेवटची युक्ती ज्याने काढली तो नक्की लेखक असणार.

यात एकच धोका असतो. परीक्षेच्या वेळी युक्ती आठवते, अर्थ आठवत नाही. समोर 'लॅसिट्यूड' येतो, लस्सी डोळ्यांपुढे तरळते, वरची साय दिसते, ग्लासावरचं दवही दिसतं. पण मुद्दा सुस्तीचा होता, तहानेचा होता की गोडव्याचा, हे काही केल्या आठवत नाही. काकू आठवतात, फोन आठवतो, आणि काकू तशा स्वभावाने चांगल्या आहेत म्हणून शब्द चांगल्या अर्थाचा असेल, असा न्याय लावला जातो. भाचीने एका सराव परीक्षेत हा न्याय लावला होता. काकू वरच्याच मजल्यावर राहतात. त्यांच्या हातची आंबोळी तिने आदल्या दिवशी खाल्ली होती.

अवघड शब्द परवडले, असं वाटायला लावणारी खरी पीडा निराळीच. जीआरईला सोप्या शब्दांचा आडवळणाचा अर्थ फार प्रिय. 'फ्लॅग' म्हणजे झेंडा हे बालवाडीतलं ज्ञान. इथे त्याचा अर्थ गळून जाणे, मंदावणे. 'पेडेस्ट्रियन' म्हणजे पादचारी. इथे रटाळ, नीरस. पुण्याच्या रस्त्यावर पायी चालून पाहिलेल्या माणसाला यातलं नीरस काय ते कळणार नाही. 'काऊ' हे क्रियापद असून त्याचा अर्थ दरडावून गप्प करणे. 'डॉक्टर' हेही क्रियापद आहे, अर्थ कागदपत्रांत किंवा पदार्थात गुपचूप फेरफार करणे. 'सँक्शन' म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. हे मला मुळीच नवीन नव्हतं. मी सरकारी लेखा विभागात नोकरी केली आहे. तिथे एकाच फायलीवर एकाच सहीने दोन्ही होत असे.

एके दिवशी जेवताना भाची म्हणाली, "मामी, हजबंड हे क्रियापद आहे."

मामी पोळी वाढता वाढता थांबली. "आमच्याकडे नामच आहे. क्रिया कसली दिसली नाही अजून."

"अगं, काटकसरीने जपून वापरणे, असा अर्थ आहे."

"मग बरोबर आहे," मामी म्हणाली. "फार वापरला की बिघडतो."

मी पोळी मागितली नाही.

आता गंमत अशी की ज्या प्रश्नांसाठी या साडेतीन हजार शब्दांची पूजा मांडली जाते, ते प्रश्न परीक्षेत उरलेलेच नाहीत. एके काळी जीआरईत विरुद्धार्थी शब्द विचारत आणि 'याचं त्याच्याशी जे नातं, तेच कशाचं कशाशी' या जातीच्या जोड्या विचारत. तेव्हा यादी पाठ असलेला तरून जायचा. २०११ च्या ऑगस्टमध्ये ईटीएसने हे दोन्ही प्रकार काढून टाकले आणि २०० ते ८०० ची जुनी मोजपट्टीही मोडीत काढली. ही बातमी आपल्यापर्यंत पोचली नाही असं नाही. आपण ती मनावर घेतली नाही. सप्टेंबर २०२३ पासून तर पावणेचार तासांची परीक्षा दोन तासांच्याही आत, एक तास अठ्ठावन्न मिनिटांवर आली. दोन निबंधांचा एक झाला. यादी मात्र तेवढीच लांब आहे. 'एकवीस अपेक्षित'वर पोसलेल्या समाजाला, अपेक्षित काहीच नाही असं सांगून चालत नाही.

आता विचारतात ते वाक्यातल्या रिकाम्या जागा. कधी एक, कधी दोन, कधी तीन. तीन जागांपैकी दोन बरोबर भरल्या तर गुण किती? शून्य. उत्तर चुकलं तरी सूत्र लिहिल्याचा अर्धा गुण, एकक लिहिल्याचा अर्धा गुण, या पायरीपायरीच्या मायेत वाढलेल्या बोर्डाच्या लेकराला हे फार लागतं. दुसऱ्या प्रकारात सहा शब्दांतून दोन असे निवडायचे की कोणताही टाकला तरी वाक्याचा अर्थ तोच राहील. इथे यादी पाठ केलेला हमखास फसतो, कारण त्याला समानार्थी जोडी दिसते आणि तो हर्षाने ती उचलतो. वाक्य वाचायचं राहून जातं.

निबंधाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्याचे सगळे संभाव्य विषय ईटीएसने स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर ठेवले आहेत. म्हणजे पेपर आधीच फुटलेला, तोही अधिकृतपणे, आणि तरी कुणाला फायदा नाही. तपासायला एक माणूस आणि एक संगणक असे दोघे असतात. मी हौसेने एक निबंध लिहून भाचीला दिला. त्याची सुरुवात मी 'विथ रेफरन्स टू द सब्जेक्ट सायटेड अबव्ह' अशी केली होती. ती म्हणाली, "मामा, याला माणूस किती देईल माहीत नाही, पण संगणक तुला आवक-जावक क्रमांक विचारेल."

वाचन वाढवा, असा सल्ला सगळेच देतात. इकॉनॉमिस्ट वाचा, न्यूयॉर्कर वाचा, निदान हिंदूचा अग्रलेख वाचा. भाचीही वाचायची. हातात पेन्सिल, आणि अनोळखी शब्द दिसला की खाली रेघ. एकदा कांद्याच्या निर्यातबंदीवरचा लेख तिने असा रेघांनी भरून टाकला. मी विचारलं, काय म्हणतोय लेखक? ती म्हणाली, 'ॲमेलिओरेट' मिळाला, 'एक्झॅसरबेट' मिळाला, 'वोलटाइल' माहीत होताच. मी म्हटलं, अगं, कांद्याचं काय झालं? तर कांदा तिला कुठे भेटलाच नव्हता. लेखात लासलगावचं नाव दोनदा आलं होतं. त्यालाही तिने एकदा रेघ मारली होती.

आणि मग राहतो उतारा. व्हर्बलचे निम्म्याच्या आसपास प्रश्न उताऱ्यांवर असतात आणि खरी परीक्षा तिथेच होते. उतारे कशावर येतील याचा नेम नाही. व्हिक्टोरियन काळातल्या लेखिका, पक्ष्यांची गाणी, भूकवचाच्या हालचाली, एकोणिसाव्या शतकातल्या गिरणीकामगार बायका, कुठल्याशा चित्रकाराने निळा रंग कमी का वापरला. हे उतारे मुद्दाम असे निवडतात, की वाचणाऱ्याला त्यात काडीचा रस नसावा. लेखकाचा सूर कोणता, असं विचारतात, आणि उत्तर असतं 'मर्यादित सहमती' किंवा 'सावध साशंकता'. जीआरईच्या उताऱ्यातला लेखक कधी चिडत नाही, कुणाची अक्कल काढत नाही, कुणाला पाकिस्तानात जायला सांगत नाही. असलं लेखन आपल्या मुलांच्या डोळ्यांखालून गेलेलंच नसतं, त्यामुळे 'साशंकता' त्यांना ओळखूच येत नाही. त्यांना वाटतं लेखकाची प्रकृती बरी नसावी.

क्लासवाले एक गुरुमंत्र देतात. 'हाऊएव्हर' शोधा. त्याच्या आधीचं सगळं सोडून द्या, लेखकाचं म्हणणं त्यानंतर सुरू होतं. याची फी घेतात, याचं मला आश्चर्य वाटतं. ठरवून केलेल्या लग्नांच्या समाजात हे ज्ञान फुकट मिळतं. "मुलगी छानच आहे हो, शिकलेली आहे, घर चांगलं आहे, पण…" यातल्या 'पण'च्या आधीचं कुणीही कधी ऐकलेलं नाही. दुसरा मंत्र असा की ज्या पर्यायात 'नेहमी', 'कधीच नाही', 'सगळे', 'फक्त' असे शब्द असतील तो बहुधा चूक. आमच्या घरी हा मंत्र लावला तर तू नेहमी टॉवेल पलंगावर टाकतोस, तुला कधीच काही आठवत नाही, सगळं फक्त मीच करायचं, ही सगळी विधानं बाद होतील. मी हे बोलून दाखवलं नाही.

पण एवढे मंत्र घेऊनही भाचीचे उताऱ्यावरचे गुण वर सरकेनात. माझ्या मते कारण निराळं होतं. अनुमानाचे प्रश्न. उताऱ्यावरून काय निष्कर्ष काढता येईल, असं विचारतात. आता निष्कर्ष काढण्यात आपला समाज कुणाला ऐकणारा नाही. समोरच्यांच्या दारात दोन दिवस दूध तसंच राहिलं, एवढ्या भांडवलावर आमच्या जिन्यात घटस्फोटापर्यंत निष्कर्ष गेले होते. ते लोक महाबळेश्वरला गेले होते. "बरी झालीय हो भाजी," यातल्या 'बरी'वर बायका संध्याकाळ काढतात. आपल्याकडे अनुमानशक्तीची वाण मुळीच नाही, ती उतू जाते, आणि जीआरईला नेमकं तेच चालत नाही. तिथे अनुमान म्हणजे उताऱ्यातल्या वाक्यांवर बोट ठेवून जेवढं सिद्ध होईल तेवढंच. तुमचं सामान्यज्ञान, तुमची कळकळ, तुमच्या आत्याचा अनुभव, सगळं बाहेर लॉकरमध्ये ठेवायचं.

एक उतारा मादागास्करच्या जाड शेपटीच्या लेमूरवर होता. हा चिमुकला प्राणी शेपटीत चरबी साठवतो आणि उष्ण कटिबंधात राहूनही कोरड्या ऋतूत महिनोन्‌महिने झोपून काढतो. भाचीने सराव करताना उत्तर दिलं, 'लेमूर नामशेष होण्याच्या मार्गावर आहे.' का? तर बिचारा इतके महिने उपाशी असतो म्हणून. मामीचं मत पडलं की जंगलतोडीचा पर्याय असेल तर तो बरोबर असणार, कारण आजकाल सगळीकडे तेच चाललंय. आईने विचारलं, झोपतो म्हणजे आषाढी ते कार्तिकी का? अशा रीतीने घरातल्या तिन्ही पिढ्यांनी त्या लेमूरबद्दल उताऱ्यात नसलेलं सगळं सांगितलं.

नेमके त्याच दिवशी दाजी, म्हणजे भाचीचे वडील, कराडहून आले. इंद्रायणी तांदूळ आणि गुळाची ढेप खाली ठेवली, चहा घेतला आणि लेकीला विचारलं, काय अडलंय? दाजींनी आयुष्यात इंग्रजी पुस्तक उघडलेलं नाही. पण उतारा वाचावा तो दाजींनी. त्यांचा उतारा सातबाराचा. गाव नमुना सातवर जमीन कुणाच्या नावाने, क्षेत्र किती, पोटखराबा किती, फेरफार कितवा, इतर हक्कात कुणाचा बोजा. नमुना बारावर पीक कोणतं. भावकीशी बांधावरून दोन दशकं चाललेल्या वादात त्यांनी एकच शस्त्र वापरलंय. चुलतभाऊ म्हणतो विहिरीत माझा निम्मा हिस्सा, आजोबांनी तोंडी दिलाय, सगळ्या गावाला ठाऊक आहे. दाजी विचारतात, इतर हक्कात नोंद हाय का? न्हाई? मग न्हाई.

"मराठीत सांग," दाजी म्हणाले. भाचीने लेमूरची हकीकत सांगितली. त्यांनी मधे एकही शब्द काढला नाही, जनावर चावतं का एवढंसुद्धा विचारलं नाही.

"आता पर्याय."

"पहिला, लेमूर नामशेष व्हायच्या मार्गावर आहे."

"उताऱ्यावर हाय?"

"नाही, पण पप्पा, इतके महिने…"

"उताऱ्यावर हाय का ते सांग."

"नाही."

"मग ग्येला. पुढचा."

"जंगलतोडीमुळे त्याला झोपावं लागतं."

"जंगल तोडल्याचं लिवलंय?"

"नाही."

"ग्येला."

"प्राणी दीर्घकाळ झोपतात ते फक्त कडाक्याच्या थंडीमुळेच, हे म्हणणं टिकत नाही."

दाजींनी चष्मा काढून पुसला. "आता तूच म्हणालीस न्हवं, त्यो उन्हाच्या मुलखात ऱ्हातो आन्‌ तरी झोपतो? मग ह्ये कागदावरनं निघतंय. ह्येच धर."

तेच बरोबर होतं. पुढच्या दोन उताऱ्यांतही त्यांनी असेच पर्याय एकेक करून उडवले. एका प्रश्नात लेखकाचा हेतू विचारला होता. तिथे ते म्हणाले, हेतूचं कोर्टात बघू. नंतर पुस्तकात पाहिलं तर तिथेही हेतूचे जे पर्याय उताऱ्यातल्या शब्दांपलीकडे गेले होते ते सगळे चूक निघाले. क्लासने तीन महिन्यांत जे शिकवलं नाही ते तलाठ्याने शिकवलं, असं मामी म्हणाली. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, हे मी तिला सांगितलं. उताऱ्यावर काही फरक पडत नाही, असं तिने मला सांगितलं.

त्यानंतर बॅरन्स मागे पडलं आणि भाची उतारे वाचायला लागली. पेन्सिल खाली ठेवून. चुकलेल्या प्रत्येक पर्यायासमोर ती समासात 'इ. ह. नाही' असं लिहायची. इतर हक्कात नोंद नाही. अभ्यासिकेतल्या त्या मुलाने याचा अर्थ विचारला आणि तो राज्यसेवेच्या उताऱ्यांना वापरायला लागला, असं कळलं. ईटीएसच्या दोन मोफत सराव परीक्षा संकेतस्थळावर मिळतात. त्या तिने शेवटच्या आठवड्यात दिल्या. क्लासच्या पुस्तकातल्या नकली उताऱ्यांपेक्षा तिथले उतारे खूप स्वच्छ लिहिलेले असतात, असं तिचं मत. मला ते पटतं. नकली दागिना नेहमीच जास्त चमकतो.

परीक्षा तिने घरून दिली. २०२० पासून ही सोय आहे. सोय म्हणजे विद्यार्थ्याची. घरच्यांचं काय होतं ते कुठल्याही माहितीपुस्तकात छापलेलं नाही. खोलीत दुसरं कुणी नको, दार बंद हवं, आणि परीक्षकाला कॅमेऱ्यातून अख्खी खोली फिरवून दाखवायची. कच्चं काम करायला कागद चालत नाही. पुसता येणारी पाटी हवी. हे ऐकून आईला आनंद झाला. अमेरिकेला जायला शेवटी पाटीच लागते, असं ती सांगत सुटली. कुकर पहाटे पाचला लावून झाला. दाराच्या बेलला चिकटपट्टी लावली. वरच्या काकूंना, आज फोन गॅलरीत नको, आतल्या खोलीत घ्या, असं सांगायला मामी स्वतः गेली. कारण सांगताना 'कॅकॉफनी' हा शब्द ती वापरणार नाही, असं तिच्याकडून आधी वदवून घेतलं होतं. भाजीवाल्याला कोपऱ्यावर अडवायची कामगिरी माझ्याकडे. तो म्हणाला, साहेब, मेथी म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, एक तास अठ्ठावन्न मिनिटं थांब.

आत भाचीला ओठ हलवायची चोरी. वाचताना पुटपुटलेलं चालत नाही, परीक्षकाला संशय येतो. पाढ्यांपासून पसायदानापर्यंत सगळं मोठ्याने म्हणत वाढलेल्या आपल्या मुलांना मुकाट वाचणं हीच अर्धी परीक्षा. शेवटी स्क्रीन विचारते, गुण ठेवायचे की रद्द करायचे? हे गुण दाखवायच्या आधी विचारते. ठेवा म्हटल्यावर गणित आणि व्हर्बलचे आकडे तिथेच दिसतात. गणितात अपेक्षेप्रमाणे काही म्हणण्यासारखं नव्हतं. व्हर्बलचे गुण आईने आधी १३० वजा करून मगच मान्य केले, आणि तरीही ती खूश झाली. दाजींना फोन केला तर ते म्हणाले, लेखी आल्यावर सांगा.

ज्या विद्यापीठात भाचीला शेवटी प्रवेश मिळाला, तिथल्या विभागाने जीआरई ऐच्छिक केलेली आहे. करोनाच्या काळापासून असं बऱ्याच ठिकाणी झालंय. ही गोष्ट त्यांच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेली होती. आमच्यापैकी कुणी वाचली नव्हती.

जीआरईचे गुण पाच वर्षं टिकतात. शब्द तेवढे टिकत नाहीत, भाचीचे काटा तेवीस किलोवर येईपर्यंतच निम्मे गेले. बॅरन्सचं पुस्तक वजनात बसलं नाही, ते आमच्याकडेच आहे. सोबत शब्दांच्या कार्डांचे दोन डबेही आहेत. कोथरूड परिसरातल्या कुणा होतकरूला हवे असतील तर संध्याकाळी सहानंतर येऊन घेऊन जावेत, पैसे नकोत. 'ए' आणि 'बी'ची कार्डं हाताळून मऊ झाली आहेत, 'सी'ला चहाचे डाग आहेत. 'डी'पासून पुढची सगळी नवी कोरी आहेत.